उगम स्टेशन

माझे वडील, सुपडू नथ्थू बाविस्कर,
भुसावळच्या यार्डात बेवारस वॅगनींचा माग काढत.
लेबल उडालेलं, खडूचे आकडे पुसलेले,
कुठल्या गाडीतून कधी तुटली, कुणाला पत्ता नाही.
वडील आत शिरत, फळीच्या फटीत बोट घालत,
हुंगत, कधी जिभेला लावत:
हे मीठ. ही तुरीची टरफलं.
मग रजिस्टरात, उगम स्टेशनच्या रकान्यात,
एकेक अक्षर कोरल्यासारखं.

मी तेच काम करते.
फक्त माझी वॅगन दिसत नाही.

दक्षिण ध्रुवावर, दीड-दोन किलोमीटर बर्फाखाली,
काचेचे हजारो डोळे दोरांत ओवून पुरलेत.
त्या काळोखात कधीतरी निळी रेघ उमटते.
न्यूट्रिनो संपला, की मागे ही रेघ.
असतो तोवर कुणाच्या हाती लागत नाही.

बाकीचे वैश्विक किरण भारित,
प्रत्येक चुंबकी सांध्यावर वळवलेले,
शंटिंग होत होत आपलं गाव विसरलेले.
ह्याला भार नाही. सरळ येतो, एकही थांबा न घेता.
म्हणून तर जीव अडकलाय ह्याच्यात.
रेघ मागे ताणत न्यायची, की उगम.
असं वाटतं.

एप्रिलचा दुसरा आठवडा. पाळी माझी, घरूनच.
तीन बादल्या पाणी मारूनही गच्ची तापलेली.
मांडीवर लॅपटॉप, शेजारच्या खाटेवर वडील.
बारा सत्तेचाळीसला फोन वाजला.
दोनशे टेरा-इलेक्ट्रॉनव्होल्ट, खालून वर.
मी कोन पाहिला, घड्याळ पाहिलं,
मग मान वर केली:
सातपुड्याच्या वर, नीट उत्तरेला, सप्तर्षी,
आणि आकडे बोट दाखवत होते
वसिष्ठ-अरुंधतीच्या शेजारी, त्यांच्या कितीतरी मागे.

पेन्सिलीनं पुन्हा गणित केलं.
तो इथूनच जमिनीत शिरला होता.
इथून म्हणजे, चूक धरली तर,
नंदुरबारपासून अकोल्यापर्यंत कुठूनही.
मी आमची गच्ची धरली.
खाटेच्या सुंभातून, खालच्या बेसॉल्टमधून,
पृथ्वीच्या गाभ्याला जेमतेम चुकवून
साडेदहा हजार किलोमीटर,
पापणी अर्धी मिटायच्या आत, बर्फापर्यंत.

"काय झायं?" वडील जागे होते.
"एक आला."
"कथाईन उना?"
निवृत्तीला वीस वर्षं झाली, प्रश्न तोच, अमळनेरकडचा.

मी सांगत बसले. आभाळात एक डाग,
ओळीनं चार चंद्र मावतील एवढा.
त्यात तीन आकाशगंगा. एकीच्या पोटात कृष्णविवर,
आपल्याकडे तोंड करून झोत फेकणारं.
तिकडे एका बेटावरच्या दुर्बिणीनं मान वळवली,
रात्रभर टक लावून पाहिलं.
ती शांत. भडका नाही, काही नाही.

तिसऱ्या दिवशी रेघ नव्यानं मोजली गेली.
डाग सरकला, आकाशगंगा बाहेर राहिली.
शेवटी शक्यता उरली ती अशी:
शंभरात अडतीस, दूरचा.
शंभरात बासष्ट, आपल्याच हवेतला,
वीसेक किलोमीटर उंचीवर
एक किरण आपटला, त्यातून निपजलेला,
खाली केळीच्या बागा आणि झोपलेलं गाव.

वडील इतके हसले की खोकला लागला.
"म्हंजे रावेरनाच निंघना!"
मला हसू येत नव्हतं.
तीन रात्री मी अब्जावधी वर्षं मागे गेले होते.

मग पाणी पिऊन, बराच वेळानं, ते म्हणाले
एका वॅगनीबद्दल. शहाऐंशी साल.
आत शिरले तर झाडून घेतलेली,
वास नाही, कण नाही, चव फक्त लोखंडाची.
साहेब म्हणाले, लिहून टाक काहीतरी, महिना संपतोय.
"मग?"
"रकाना रिकामा ऱ्हाऊ दिना.
खोटं ठेसन लिखं का डबा कायमना गया."

खालून एक मालगाडी निघाली, कितीतरी डब्यांची.
खाट थरथरली, तांब्यावरचं फुलपात्र वाजलं.
वडील सवयीनं डबे मोजू लागले,
सदतीसच्या आसपास त्यांना झोप लागली.
मी फाईल उघडली. तारीख टाकली, वेळ टाकली,
कोन टाकला, पुढे स्वल्पविराम,
आणि जागा सोडली.